पाडण्यासाठी दिलेलं मत

निवडणूक जवळ आली की आमच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कुणी इन्स्पायरिंगच नाहीये यार, मत द्यायचं तरी कुणाला?" हे म्हणणारी मंडळी आळशी असतात असं अजिबात नाही. रात्री दीडला सर्व्हर पडला तर हीच मंडळी उठून लॉगिन करतात. पण मतदानाच्या दिवशी रजा जोडून महाबळेश्वर गाठतात आणि वर त्याला तात्त्विक मुलामा देतात. ह्याला मत देणं म्हणजे नुसता त्याला विरोध, आणि असलं निगेटिव्ह मत देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

मला हे पटत नाही. आपल्याकडे 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण थोडी नाक मुरडूनच वापरतात, जणू वीट निवडणं हा कमीपणाच. पण समोरून दगड येत असेल तर विटेला नाक मुरडणाऱ्या माणसाचं डोकं तपासायला हवं (फुटायच्या आधी).

ह्या विषयावर माझं आवडतं उदाहरण फ्रान्सचं आहे. २००२ ची अध्यक्षीय निवडणूक. पहिल्या फेरीत १६ उमेदवार. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की दुसऱ्या फेरीत विद्यमान अध्यक्ष जाक शिराक आणि विद्यमान पंतप्रधान, समाजवादी लिओनेल जोस्पँ हेच भिडणार. त्यामुळे डाव्या विचारांच्या लोकांनी पहिली फेरी हौसेला दिली. कुणी ट्रॉट्स्कीवाद्याला मत दिलं, कुणी ग्रीनला, कुणी घरीच बसलं. २८ टक्के लोक मतदानालाच गेले नाहीत. २१ एप्रिलच्या रात्री आकडे आले ते असे: शिराक १९.९ टक्के, अतिउजवे जाँ-मारी ल पेन १६.९, जोस्पँ १६.२. ल पेन आणि जोस्पँमधला फरक दोन लाखांच्या आत. एकट्या क्रिस्तिआन तोबिरांना, म्हणजे डावीकडच्याच एका उमेदवाराला, साडेसहा लाखांवर मतं होती. ज्यांनी 'मनापासून आवडणाऱ्याला' मत दिलं त्यांच्यातल्या अनेकांना दोन आठवड्यांनी शिराकना मत द्यावं लागलं, ज्यांचा त्यांनी आयुष्यभर राग केला होता.

आणि त्यांनी ते दिलं! पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या भानगडींमुळे शिराकची प्रतिमा तेव्हा काही धड नव्हती (२०११ मधे त्या प्रकरणात शिक्षाही झाली, निलंबित). तरी 'फॅसिस्ट नको, त्यापेक्षा लबाड परवडला' अशा अर्थाच्या घोषणा देत लोक रस्त्यावर आले. हातमोजे घालून, नाकाला कपड्याचा चिमटा लावून मत द्यायला जायचं अशी टूम निघाली. त्यावर सरकारी बाजूने ताकीद आली की असं केलंत तर मत गुप्त राहणार नाही. निकाल, शिराक ८२ टक्के.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९९१ मधे जवळपास हेच झालं होतं. गव्हर्नरपदासाठी एका बाजूला एडविन एडवर्ड्स, ज्यांच्यामागे भ्रष्टाचाराच्या आरोपांची रांग, आणि दुसऱ्या बाजूला डेव्हिड ड्यूक, कू क्लक्स क्लॅनचा माजी म्होरक्या. लोकांनी गाड्यांवर स्टिकर लावले, चोराला मत द्या, ते महत्त्वाचं आहे, अशा अर्थाचे. एडवर्ड्स ६१-३९ ने जिंकले, आणि पुढे २००० मधे खंडणीच्या प्रकरणात दोषी ठरून तुरुंगातही गेले. म्हणजे मतदारांचा अंदाज दोन्ही बाबतीत बरोबर होता.

आता ह्या मतांना फालतू म्हणायचं? मला तर ही मतं फार विचारी वाटतात. त्यात नेत्याच्या डोळ्यातलं तेज बघून विरघळणं नाही. काय टाळायचंय ते स्पष्ट, आणि त्यासाठी मोजायची किंमतही स्पष्ट.

पण थांबा, फ्रान्सची गोष्ट अजून संपली नाही, आणि पुढचा भाग माझ्या बाजूचा नाही. ८२ टक्के मतं मिळवून शिराकनी काय केलं? ज्या डाव्यांनी नाक दाबून मत दिलं होतं त्यांचं काहीच देणं नसल्यासारखं आपल्याच गोटाचं सरकार बसवलं. २०१७ मधे पुन्हा तोच पेच: ल पेन यांची कन्या मारीन ल पेन विरुद्ध इमान्युएल माक्रों. ह्या वेळी ६६-३४. २०२२ मधे पुन्हा तेच दोघं, ५८.५-४१.५. त्या रात्रीच्या भाषणात माक्रों स्वतः म्हणाले की अनेकांनी माझ्या विचारांसाठी नव्हे तर अतिउजव्यांना अडवण्यासाठी मत दिलंय, आणि त्याचं ऋण माझ्यावर आहे. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मधे, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा त्यांच्या सरकारने कनिष्ठ सभागृहात मतदान न घेताच रेटला.

८२, ६६, ५८. ही घसरण माझ्या मते ह्या प्रकारच्या मताची खरी मर्यादा दाखवते. अडवणारी भिंत दर वेळी थोडी खचते, कारण भिंत बांधणाऱ्यांना नंतर कुणी विचारत नाही. २०२४ च्या जुलैमधे संसदेच्या निवडणुकीत ती परत उभी राहिली खरी. तिरंगी लढतींमधून दोनशेहून जास्त उमेदवारांनी स्वतःहून माघार घेतली आणि पहिल्या फेरीत सगळ्यात पुढे असलेला ल पेन यांचा पक्ष जागांमधे तिसऱ्या नंबरवर गेला. पण किती वेळा पुरेल ही युक्ती?

आपल्याकडे ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच १९७७. माझे काका तेव्हा नुकतेच मतदार झाले होते (वय २१ लागायचं, १८ नंतर झालं). ते म्हणतात, "आम्ही कुणाला निवडलं नाही रे. आम्ही पाडलं." चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारताना पंतप्रधान कोण होणार हेही माहीत नव्हतं. मोरारजी, चरणसिंग की जगजीवनराम हे निकालानंतर ठरलं. पु. ल. देशपांड्यांसारखा माणूस सभा घेत फिरला तो काही मोरारजींच्या प्रेमापोटी नव्हे, आणीबाणीच्या विरोधात. मग ते सरकार भांडलं, जुलै १९७९ मधे पडलं, आणि जानेवारी १९८० मधे इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परत आल्या. त्यामुळे 'विरोधासाठी दिलेल्या मताचं असंच होतं' ह्याचा पुरावा म्हणून कुणीही १९७७ काढतं.

ह्यात एक गोष्ट विसरली जाते, ४४ वी घटनादुरुस्ती. जनता सरकारच्या काळात, १९७८ मधे झालेली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं मोघम कारण काढून तिथे 'सशस्त्र बंड' आलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत हे आलं. आणि कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आणीबाणीतसुद्धा गोठवता येणार नाही हे आलं. १९७६ मधे सरकारने सुप्रीम कोर्टात नेमकं ह्याच्या उलट म्हटलं होतं, आणि कोर्टाने ते मान्यही केलं होतं! १९८० मधे सरकार बदललं तरी ही कलमं राहिली. पाडायला दिलेल्या मताकडून आणखी काय हवं? बग सापडला, पॅच टाकला, टीम नंतर फुटली. पॅच चालू आहे.

आणि भारावून दिलेलं मत? १९७१ मधे विरोधकांची आघाडी नुसतं 'इंदिरा हटाव' म्हणत होती. इंदिराबाईंनी 'गरिबी हटाव' म्हटलं आणि ३५२ जागा आल्या. स्वप्नाने विरोधाला हरवलं, अगदी पुस्तकात शोभेल असं. चार वर्षांनी आणीबाणी. एकातून दुसरं आलं असं सरळसोट मी म्हणणार नाही, मधे अलाहाबादचा निकाल आहे, गुजरात-बिहारची आंदोलनं आहेत. पण भारावलेला मतदार प्रश्न विचारायचं काम नेत्यावरच सोपवून मोकळा होतो हे मी पुष्कळ पाहिलंय. २००८ मधे अमेरिकेत असलेले माझे मित्र, ज्यांना तिथे मतदानाचा हक्कही नव्हता, ते ओबामाच्या टी-शर्टात फिरत होते. जानेवारी २००९ मधे ओबामांनी ग्वांटानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा हुकूम काढला. तो त्यांच्या आठ वर्षांत बंद झाला नाही. टी-शर्टवाल्यांपैकी किती जणांनी त्याबद्दल एक ओळ तरी लिहिली? एकानेही नाही. नेता आवडता असला की त्याचे बग 'फीचर' होतात.

स्फूर्तीचं एक मोल मात्र मान्य करायला हवं. तिच्यामुळे माणसं घराबाहेर पडतात, दारं ठोठावतात, पदरचे पैसे घालतात. नुसत्या नावडीवर पक्ष उभा राहत नाही. पण हा कार्यकर्ता होण्याचा निकष झाला. मतदार होण्यासाठी तो लावायचं कारण नाही.

खरी अडचण माझ्यातल्या इंजिनिअरला दिसते ती अशी की मतपत्रिकेत एकच फील्ड आहे. 'हा आवडतो' आणि 'तो नको' ह्या दोन्ही गोष्टींसाठी तेच बटण. जिंकलेला माणूस साहजिकच सगळी मतं प्रेमाच्या खात्यात जमा करतो. २०१३ मधे सुप्रीम कोर्टाच्या निकालाने 'नोटा' आला तेव्हा वाटलं आता दुसरं फील्ड मिळालं. पण नोटाचं म्हणजे एरर लॉगमधे लिहिली जाते, प्रोग्रॅम तसाच पुढे जातो. २०२२ मधे अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या नंबरवर होता, १२,८०६ मतं. निकालात काडीचा फरक पडला नाही. विधानसभा-लोकसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो.

मग हे दुसरं फील्ड कुठून आणायचं? काकांनी १९७७ मधेच ते शोधलं होतं. निकालानंतर त्यांनी निवडून आलेल्या खासदारांना एक पोस्टकार्ड टाकलं. आपण मत दिलं आहे, पण ते आपल्यासाठी नसून आणीबाणीच्या विरोधात आहे, तरी कायदा बदलण्याचं काय झालं ते कळवावे. उत्तर आलं नाही. सहा महिन्यांनी काकांनी दुसरं टाकलं.

मागच्या निवडणुकीनंतर मी तेच ई-मेलने केलं. लोकसभेच्या साईटवर खासदारांचे पत्ते असतात. चार ओळी पुरतात: मत कुणाविरुद्ध होतं, का होतं, आणि आता त्या एका गोष्टीचं काय करताय. मला एक ऑटो-रिप्लाय आला. सहा महिने झाले की दुसरी मेल जाईल, कॅलेंडरमधे रिमाईंडर लावून ठेवलाय.