गोंधळी पाहुणा आडनावावरून ओळखता येतो का?

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून थेट उत्तर गोव्यापर्यंत दिवसाच्या भाड्याने घर देण्याचा धंदा गेल्या काही वर्षांत फोफावला आहे. कुणी त्याला होमस्टे म्हणतो, कुणी व्हिला, कुणी फार्महाऊस. या धंद्यातल्या मंडळींचा लाडका विषय एकच : दंगा करणारे पाहुणे आधीच कसे ओळखायचे आणि बाहेर कसे ठेवायचे?

त्रास खरा आहे, हे आधी मान्य करू. आठ जणांचे बुकिंग करून वीस जण येतात. रात्री दोनपर्यंत स्पीकर चालतो. पूलमध्ये बाटल्या फुटतात, गाद्यांवर सिगारेटचे डाग पडतात. मालक पुण्या-मुंबईत झोपलेला असतो. शिव्या खातो आणि सकाळी उलट्या पुसतो तो केअरटेकर, आणि तो बहुतेक वेळा गावातला कातकरी, ठाकर नाहीतर आपल्याच वस्तीतला माणूस असतो. त्यामुळे 'पैसे मोजलेत, काहीही करू' म्हणणाऱ्या पाहुण्याची वकिली मला करायची नाही. नियम हवेत, आणि कडक हवेत.

प्रश्न आहे तो चाळणीचा. फोन लावून बघा. 'पूर्ण नाव सांगा.' 'व्हेज की नॉनव्हेज?' 'मूळचे कुठले?' 'आमच्याकडे डीसेंट क्राउड येतो, म्हणून विचारतोय.' यातल्या कोणत्या उत्तरावरून कळते की हा माणूस रात्री बाटली फोडणार आहे? कोणत्याच नाही. कळते ते एवढेच की समोरचा कोण आहे. बुकिंग पक्के होण्याआधी आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा आणि मग अचानक 'त्या तारखा ब्लॉक आहेत' म्हणायचे, ही पद्धत किती जणांनी अनुभवली असेल! ओळखपत्र पाहण्याला माझा विरोध नाही. हॉटेलातही ते पाहतात. पण तिथे ते खोली देताना पाहतात. इथे ते खोली द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी मागतात.

मागे आम्हाला वीस-बावीस मुलामुलींच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरासाठी घर हवे होते. दर ठरला, जेवण ठरले. संस्थेचे नाव सांगितले आणि मालकांचा सूर बदलला : 'चौदा एप्रिलसारखा डीजे वगैरे लावणार नाही ना?' आम्ही म्हटले, पुस्तके घेऊन येतोय. तासाभराने निरोप आला, प्लंबिंगचे काम निघाले आहे. संध्याकाळी आमच्यातल्याच एका देशपांडे नावाच्या मित्राने तेवढ्याच माणसांसाठी, त्याच तारखांना विचारले. प्लंबिंग दुरुस्त झालेले होते.

एकाच्या लग्नाच्या वरातीतला डीजे हा 'उत्साह' आणि दुसऱ्याच्या जयंतीतला डीजे हा 'उपद्रव', हे डेसिबल मोजून ठरलेले नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शुद्ध-अशुद्धाची चर्चा खेड्यातल्या पाणवठ्याच्या संदर्भात केली. आज तीच कल्पना 'हाऊस रूल्स'च्या पीडीएफमध्ये बसते आणि तिला कुणी अस्पृश्यता म्हणत नाही, 'गेस्ट स्क्रीनिंग' म्हणतात.

बडोद्याची हकिगत आपल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण ती या नजरेने पुन्हा पाहा. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा शहरात त्यांना कुणी जागा देईना. ते एका पारशी सरायीत राहिले, तेही वहीत पारशी नाव लिहून. सरायीत दुसरा एकही पाहुणा नव्हता. ते दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत असत आणि रात्री मिणमिणत्या दिव्याजवळ वाचत बसत. यापेक्षा शांत पाहुणा कोणत्या मालकाला मिळेल? अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. त्या दिवशी त्या सरायीत दंगा कुणी केला? चाळणी तर पाहुण्याला लावली होती!

बाबासाहेब हे विसरले नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांच्या प्रवेशात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही असे लिहिले आहे. हे कलम सरकारपुरते नाही, खासगी माणसालाही लागू आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ किती, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते : शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, जो कुणी आपली सेवा लोकांसाठी खुली करतो तो त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन प्रकरणात हाच व्यापक अर्थ उचलला. म्हणून 'माझे घर आहे, मी कुणालाही ठेवीन' हा युक्तिवाद अर्धाच खरा. घर तुमचे आहे, पण ॲपवर फोटो टाकून, दर लावून ते तुम्ही जगासमोर मांडले, त्या क्षणी त्याचे दुकान झाले. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मधील 'हॉटेल'च्या व्याख्येत बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊसही येतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे.

आता कुणी म्हणेल, मालकाला काहीच माहिती नसते, मग तो अंदाज बांधणारच. याच मुद्द्यावर अमेरिकेतली दोन संशोधने वाचण्यासारखी आहेत. हार्वर्डच्या एडलमन, लुका आणि स्विर्स्की यांनी पाच शहरांतल्या सुमारे ६,४०० एअरबीएनबी घरमालकांना एकसारखेच निरोप पाठवले, बदलली फक्त नावे. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघाले. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तशाच प्रयोगात पाहुण्याच्या खात्यावर आधीच्या घरमालकाचा एक अभिप्राय जोडला. एकच! नावामुळे पडणारा फरक जवळजवळ मिटला. म्हणजे माणसाच्या वागण्याची माहिती मिळाली की नावाची गरज उरत नाही. आपल्याकडे मात्र वागण्याची माहिती मागायचीच नाही आणि आडनावावरून ती गृहीत धरायची, हा शिरस्ता. अमेरिकेत वंश ओळखायला नावावरून तर्क करावा लागतो. आपल्याकडे आडनाव सांगितले की काम झाले.

वागणूक तपासायची असेल तर तपासा की! किती माणसे, किती गाड्या, येण्याचे कारण काय, आधी कुठे राहिलात आणि तिथला अभिप्राय काय. अनामत रक्कम घ्या, सगळ्यांकडून सारखी. जास्तीच्या माणसाचा दर आधी लिहून द्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर चालणार नाही हे तसेही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, ते दारावर मराठीत लावा. कॅमेरा फाटकावर ठेवा, घरात नाही. गोंधळ झालाच तर आधी फोन, मग लेखी निरोप, मग ११२. आणि केअरटेकरला एकटे पाठवू नका, बुकिंग रद्द करण्याचा अधिकार त्याच्या हातात द्या. नियम मोडला तर बाहेर काढा, तो आमचा असला तरी काढा. निळा झेंडा लावलेल्या गाडीतून आला म्हणून बाटली फोडणाऱ्याला सवलत नको.

एक गोष्ट आपल्याच घरातली. नोकरीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने आता दुसरा फ्लॅट घेतला आहे, काहींनी गावाकडे होमस्टे टाकला आहे. आनंद आहे. पण 'मुस्लिम नको, कटकट होते' हे वाक्य मी आपल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, तेही हॉलमध्ये बुद्धमूर्ती असलेल्या घरात. एकट्या मुलीला आणि तृतीयपंथी व्यक्तीलाही तिथे 'फॅमिली ओन्ली' ऐकावे लागते. आपल्यासाठी निदान अस्पृश्यताविरोधी कायदा तरी आहे, आणि १९९० नंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्या मुस्लिम पोराकडे अनुच्छेद १५ (२) आहे, पण त्याला दात देणारा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा या देशात नाही. शशी थरूर यांनी तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ते पुढे सरकले नाही. आरक्षणाच्या पलीकडच्या मागण्यांच्या यादीत आपल्या किती संघटनांनी हा कायदा घातला आहे?

तोवर एवढे करा. बुकिंगचे बोलणे फोनवर नको, लेखी करा. नकार आला तर कारण लेखी विचारा आणि स्क्रीनशॉट ठेवा. त्याच तारखांना दुसऱ्या नावाने विचारून तोही पुरावा ठेवा. ॲपवरचे घर असेल तर कंपनीकडे भेदभावाची तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. जातीवरून बोलले गेले असेल तर पोलीस ठाण्यात जाताना ओळखीचा वकील सोबत न्या, कारण ठाणे अंमलदार आधी म्हणणार, 'अहो, घर त्यांचं आहे.'