मनाची नाही, निदान जनाची तरी

'दुसरी संधी' हे शब्द हल्ली फार स्वस्त झाले आहेत. कुणी काहीही करावं, मध्ये चार-पाच वर्षं जाऊ द्यावीत, आणि मग कुणीतरी कनवाळू सुरात म्हणावं, "अहो, माणूस आहे, चुकतो. संधी नको का द्यायला?" की आपण ऐकणारे लगेच विरघळतो. आपल्यावर वाल्याचा वाल्मीकी झाल्याचे संस्कार ना! पण त्या गोष्टीतला मधला भाग सोयीस्करपणे विसरला जातो. वाल्यानं आधी आपलं पाप आपलंच आहे हे कबूल केलं, आणि मग अंगावर वारूळ चढेपर्यंत बसून राहिला. वाटमारी संपवून आला आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत पुढं उभा राहिला, असं काही ती गोष्ट सांगत नाही.

हे सगळं आठवायचं कारण फुटबॉल. आमच्या घरातली तरुण मंडळी फुटबॉलवेडी आहेत. रात्री-अपरात्री जागून सामने बघतात. मागे त्यांच्याशी रेथ रोव्हर्स या स्कॉटिश क्लबावरून माझा कडाक्याचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, लोकांनी झुंडशाही करून एका खेळाडूच्या पोटावर पाय दिला. माझं म्हणणं, लोकांनी केलं ते अगदी योग्य केलं. तोंडी वादात माझा आवाज चौघांपुढं पुरत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड गुडविली हा स्कॉटलंडचा स्ट्रायकर. देशासाठीही तीन सामने खेळलेला. जानेवारी २०११ मध्ये त्याच्यावर आणि त्याच्या एका सहकारी खेळाडूवर एका तरुणीनं बलात्काराचा आरोप केला. पुरेसा पुरावा नाही म्हणून त्या वर्षी फौजदारी खटला उभा राहिला नाही. ती बाई गप्प बसली नाही. तिनं दिवाणी दावा लावला. एवढंच नाही, तर नाव गुप्त ठेवण्याचं संरक्षणही स्वतःहून सोडलं आणि उघडपणे उभी राहिली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ती इतकी दारूच्या अमलाखाली होती की संमती देण्याच्या अवस्थेतच नव्हती, आणि दोघांनी तिच्यावर बलात्कार केला. एक लाख पौंडांची भरपाई ठरली. दोघांनी अपील केलं, तेही त्याच वर्षी फेटाळलं गेलं.

निकालानंतर गुडविलीनं इंग्लंडमधला प्लिमथ आर्गाइल हा क्लब सोडला. पण दोनच महिन्यांत, मार्च २०१७ मध्ये, क्लाइड या स्कॉटिश क्लबानं त्याला घेतलं. तिथं तो जवळजवळ पाच वर्षं खेळला, शंभरावर गोल केले, कर्णधारही झाला. मग ३१ जानेवारी २०२२ ला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, रेथ रोव्हर्सनं त्याच्याशी अडीच वर्षांचा करार केला, आणि आगडोंब उसळला.

रेथ रोव्हर्स हा फार मोठा क्लब नव्हे. कर्कॉडी या समुद्रकाठच्या गावातला, १८८३ साली स्थापन झालेला. अर्थशास्त्रवाल्या ॲडम स्मिथचं हे जन्मगाव. १९९४ साली या क्लबानं बलाढ्य सेल्टिकला हरवून लीग कप जिंकला, आणि पुढच्या वर्षी म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध मध्यंतरापर्यंत एक-शून्यनं पुढं होता. शेवटी हरले, पण गाव अजून त्या पाऊण तासावर जगतं म्हणतात! असे क्लब पैशावर चालत नाहीत, गावाच्या जिव्हाळ्यावर चालतात. कुणी तिकिटं फाडतं, कुणी पदरमोड करून जर्सीचा खर्च उचलतं.

व्हॅल मॅकडर्मिड या प्रसिद्ध रहस्यकथा-लेखिका अशाच एक. त्यांचे वडील या क्लबासाठी नवे खेळाडू हुडकून आणायचे. वडिलांच्या स्मरणार्थ बाईंनी मैदानातल्या एका स्टँडला आर्थिक हातभार लावला, आणि क्लबाच्या जर्सीवरही प्रायोजक म्हणून त्यांचं नाव होतं. करार जाहीर झाल्यावर बाईंनी प्रायोजकत्व काढून घेतलं. महिला संघाच्या कर्णधारानं क्लब सोडला. संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. याच भागातले आणि लहानपणापासून या क्लबाचे चाहते असलेले माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी निषेध केला. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनीही निर्णयावर टीका केली.

आणि क्लबाचा पहिला खुलासा काय? तर हा प्रामुख्यानं फुटबॉलचा निर्णय आहे, हा माणूस गोल करतो!

हे वाचलं आणि मला आपल्याकडचा शाळा सोडल्याचा दाखला आठवला. मी आयुष्यात असे शेकडो दाखले हातानं लिहिले आहेत. त्यात 'प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन वेगळे रकाने असतात. ज्यानं कुणी तो नमुना ठरवला तो शहाणा होता. पोरगं गणितात पहिलं आलं म्हणून वर्तणुकीच्या रकान्यात आपोआप 'उत्तम' लिहायचं नसतं, आणि गणितात नापास झालं म्हणून 'वाईट' लिहायचं नसतं. रेथ रोव्हर्सच्या कारभाऱ्यांनी एक रकाना वाचला आणि दुसऱ्यावर अंगठा ठेवला. वर तो अंगठा लोकांनी उचलून बघितला म्हणून रागावायचं ते लोकांवरच?

आता आमच्या मंडळींचे मुद्दे एकेक करून घेते.

पहिला मुद्दा. फौजदारी शिक्षा झालेलीच नव्हती, मग गुन्हेगार कसा म्हणायचं? बरोबर, फौजदारी अर्थानं नाही म्हणायचं. फौजदारी खटल्यात माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घ्यायचं असतं, म्हणून तिथं संशयाला जागा राहू न देणारा पुरावा लागतो. दिवाणी दाव्यात कुणाची बाजू अधिक संभवनीय हे बघतात. म्हणूनच त्याला कुणी तुरुंगात टाका म्हणत नव्हतं. पण क्लबाची जर्सी द्यायला तुरुंगाचाच निकष कशाला हवा? दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशांनी एक निष्कर्ष काढला, वरच्या न्यायालयानं तो कायम केला. यापेक्षा जास्त खात्री एखाद्या क्लबाला कुठून आणून द्यायची? ही काही चव्हाट्यावरची कुजबूज नव्हती.

दुसरा मुद्दा पोटाचा. फुटबॉल हाच त्याचा धंदा, तोच काढून घेतला तर खायचं काय? या मुद्द्यात वजन आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. सुताराला सुतारकाम करू द्यावं, ड्रायव्हरला गाडी चालवू द्यावी. गुडविलीनं कुठं गवंडीकाम केलं असतं आणि लोक तिथंही घोषणा देत गेले असते, तर मी त्याच्या बाजूनं लिहिलं असतं. पण स्ट्रायकरचं काम म्हणजे नुसती मजुरी नव्हे. पगाराबरोबर त्याला टाळ्या मिळतात. हजारो लोकांनी त्याच्या नावाचा गजर करावा, लहान पोरांनी पाठीवर त्याचा नंबर घालून मिरवावं, हा त्या नोकरीचाच भाग आहे. भाकरी हा माणसाचा हक्क आहे. टाळ्या हा हक्क नव्हे, त्या समोरचा आपखुशीनं वाजवतो. आणि ज्याच्या टाळ्या हव्यात त्याला 'तू बोलू नकोस, फक्त टाळ्या वाजव' असं सांगता येत नाही.

तिसरा मुद्दा तोच, दुसरी संधी. अरे बाबांनो, दुसरी संधी मिळाली होती की! क्लाइडमध्ये पाच वर्षं खेळला, कर्णधार झाला. २०२२ मध्ये मागितली जात होती ती दुसरी संधी नव्हती, ती वरच्या पायरीची बढती होती. शिवाय संधी मागणाऱ्यानं आधी काही कबूल करावं लागतं. वाल्यानं केलं तसं. इथं झालं ते परस्पर संमतीनं झालं, हेच त्याचं म्हणणं राहिलं. तसं म्हणायचा त्याला अधिकार आहे, पण मग क्षमा कशाची मागताय? 'मी काही केलंच नाही' आणि 'केलेलं विसरून मला पुन्हा जवळ घ्या' ही दोन वाक्यं एका तोंडात शोभत नाहीत.

चौथा मुद्दा सगळ्यांत अवघड, आणि तो आमच्या धाकट्यानं काढला. चेड इव्हान्स. हा शेफिल्ड युनायटेडचा खेळाडू. २०१२ साली बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सुटून आल्यावर क्लबानं त्याला सरावाची परवानगी दिली, तेव्हा असाच गदारोळ झाला. दीड लाखावर लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या जेसिका एनिस-हिल यांनी, त्याला पुन्हा करारबद्ध केलं तर स्टँडला दिलेलं आपलं नाव काढा, असं सांगितलं. क्लबानं माघार घेतली. पुढं एप्रिल २०१६ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. "मग आजी, त्याची ती वर्षं कोण परत देणार?"

कुणीच देऊ शकत नाही. हे नुकसान खरं आहे. पण ते कशामुळं झालं हे नीट बघायला हवं. २०१४ साली लोक न्यायालयाच्या त्या दिवशी उभ्या असलेल्या निकालावर विसंबले. यापेक्षा वेगळा शहाणपणा सामान्य माणसानं कुठून आणायचा? निकाल फिरला, तशी दारंही उघडली. २०१७ मध्ये त्याच शेफिल्ड युनायटेडनं इव्हान्सला परत घेतलं. न्यायालय चुकू शकतं म्हणून न्यायालयाचा निकाल मानायचाच नाही असं ठरवलं, तर मग उरतं काय? गोलांची संख्या! इव्हान्सच्या प्रकरणावरून मी एक धडा जरूर घेईन. लोकांचा विरोध निकालाला धरून असावा, अफवेला धरून नव्हे. आणि त्यात शिवीगाळ नसावी. त्या काळात जेसिकाबाईंनाच बलात्काराच्या धमक्या आल्या होत्या, हेही आमच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. झुंडशाही म्हणायचीच तर तिला म्हणा.

कर्कॉडीच्या लोकांनी काय केलं? कुणाच्या घरावर दगड टाकले नाहीत. जे आपलं होतं तेवढंच काढून घेतलं. कुणी आपला पैसा, कुणी आपलं पद, कुणी आपला खेळ. महिला संघ तर क्लबापासून वेगळा झाला आणि मॅकडर्मिड लेडीज या नावानं खेळू लागला. याला झुंड म्हणत नाहीत. याला असहकार म्हणतात, आणि तो शब्द तरी आपल्याला कुणी शिकवायला नको.

३ फेब्रुवारीला क्लबाच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि हा खेळाडू आमच्याकडून खेळणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे जो विचार सही करण्यापूर्वी पाच मिनिटांत व्हायला हवा होता, तो व्हायला तीन दिवस आणि एवढी माणसं गमवावी लागली.

एवढं होऊनही इतर क्लब शिकले नाहीत, याचं मला जास्त नवल वाटतं. त्याच मार्चमध्ये क्लाइडनं त्याला उसनवारीवर परत आणलं, तेव्हा स्टेडियमची मालक असलेल्या स्थानिक कौन्सिलनं त्याला आत यायला मनाई केली आणि तो बेत मोडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या रॅडक्लिफ क्लबानं त्याला मैदानात उतरवलं, त्यानं पहिल्याच सामन्यात तीन गोल केले, आणि लगेच क्लबाला सांगावं लागलं की तो पुन्हा खेळणार नाही. पुढं ग्लासगो युनायटेडनंही हाच प्रयोग करून पाहिला आणि तोच शेवट झाला. दर वेळी तेच! आधी गोल मोजायचे, मग लोक ओरडले की दचकायचं.

या सगळ्यात जिचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही, तिचा विचार करा. दर नव्या करारागणिक तिचं २०११ साल पुन्हा वर्तमानपत्रात येतं. त्या कारभाऱ्यांच्या बैठकांत गोल, पगार, कराराची मुदत यांची चर्चा नक्की झाली असेल. तिला काय वाटेल, हा विषय कुणी काढला असता तर एवढं रामायण घडलंच नसतं.

आपल्याकडं म्हणतात, जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी. इथं उलटं झालं. मनाची बाळगली नाही, म्हणून जनाची बाळगायला भाग पाडावं लागलं. ते ज्यांनी पाडलं त्यांना मी तरी झुंड म्हणणार नाही.

असो. घरची मंडळी हे वाचतीलच. उत्तर द्यायचं तर जरूर द्या, पण एका अटीवर. 'तो गोल फार छान मारायचा' या वाक्यानं सुरुवात करायची नाही.