ओढणारा घोडा, मऊ बिट

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं. लेक पंधरा वर्षांची, दोन वर्षं क्लबात रपेट शिकते आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून तिला ड्रेसाजच करायचं आहे. घोडा नऊ वर्षांचा, शर्यतींतून निवृत्त झालेला, चांगलाच जोरकस. दुडकीतसुद्धा हात उपटतो म्हणून त्याच्या तोंडात पेल्हम आहे, म्हणजे कडक बिट, लगामाचा तोंडातला तुकडा. ड्रेसाजच्या पहिल्या परीक्षेला मात्र स्नॅफल, म्हणजे साधं मऊ बिटच चालणार आहे. वडील विचारतात, पेल्हमला न जुमानणारा घोडा मऊ बिटमध्ये थांबेल कसा?

माझं मत असं की परीक्षा नसती तरी पेल्हम काढायलाच हवा होता.

हा घोडा ओढतो, कारण त्याला तेच शिकवलेलं आहे. ट्रॅकवर जॉकी दोन्ही लगाम एकावर एक घेऊन मानेवर टेकवतो. घोडा त्या आधारावर रेलतो आणि पळतो. लगाम ताणला गेला की पुढे रेटायचं, हे कोवळ्या वयापासून त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आता पाठीवरची मुलगी घाबरून ओढते आणि तो जुना धडा आठवून पुढे घुसतो. ज्याला क्लबात सगळे हट्टी म्हणतात तो बिचारा सांगितलेलंच करत असतो. अशा घोड्यांसाठी माझा जीव तुटतो.

आपल्या भाषेत लगाम घालणं म्हणजे आवरणं. त्यामुळे घोडा ओढू लागला की माणसाचा हात आपसूक कडक लगामाकडे जातो. वरातीच्या, टांग्याच्या घोड्यांच्या तोंडातले काटेरी लगाम हे त्याच समजुतीचं टोक. 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी घालूनही ते सापडत राहतात. पेल्हम तितका क्रूर नाही, पण त्याच्या दांडीची तरफ होते, हनुवटीखालची साखळी आवळते, डोक्याच्या मागे दाब येतो. चार दिवस गुण येतो. पुढे घोडा मान छातीकडे दुमडून दाब चुकवतो, नाहीतर जबडा उघडून निसटतो. ड्रेसाजचे पंच बघतात ते याच्या अगदी उलट असतं. घोड्याने मान लांबवून स्वाराचा हात शोधावा आणि तिथे निवांत राहावं. दुखऱ्या जागी कोण निवांत राहील?

पण बिट बदलण्याआधी तोंड उघडून बघा. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर 261 घोड्यांची तोंडं तपासली गेली. 84 टक्के घोड्यांच्या तोंडात, बिट जिथे बसतं तिथे ताज्या जखमा होत्या. 2019 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला हलवून गेलेली गोष्ट अशी की मोजक्याच घोड्यांच्या तोंडाबाहेर रक्त दिसलं होतं. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या सायसालाही काही कळलं नसतं. ओठांचे कोपरे, जिभेच्या कडा, पुढच्या आणि मागच्या दातांमधली ती मोकळी हिरडी, हे सगळं नीट पाहायचं. दाढांना धार आली असेल तर पशुवैद्याकडून घासून घ्यायची. जखम असेल तर ती भरेपर्यंत तोंडात काहीच घालायचं नाही.

त्यानंतर मी निवडेन तो दोन सांध्यांचा, मधे गुळगुळीत गोटी असलेला, अंडाकृती कड्यांचा स्नॅफल. एका सांध्याचा स्नॅफल ओढला की अडकित्त्यासारखा मिटतो. दोन सांध्यांचा जिभेवर जास्त सपाट बसतो. अंडाकृती कडी कमी हलतात आणि ओठाचा कोपरा चिमटत नाहीत. जाड तितकं मऊ, असं दुकानदार सांगतात, ते सरसकट खरं नाही. शर्यतीच्या थरोब्रेड जातीचं तोंड बहुधा लहान, जीभ मांसल. जाडजूड बिट घातलं तर त्याला तोंड मिटायलाही जागा उरत नाही. माप बहुतेकांना पाच ते सव्वापाच इंच लागतं, तरी दोरी घालून मोजाच. आणि नाकपट्टा आवळून तोंड बंद करू नका. नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, नाहीतर मऊ बिटचा काही उपयोग नाही.

ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात स्वाराला दोन बिटं बाळगायला सांगितलं: आधी खरखरीत, मग गुळगुळीत, म्हणजे दुसऱ्याची गोडी कळते. ड्रेसाजवाले त्याला आद्य गुरू मानतात, मीही मानतो. पण शर्यतीतून आलेल्या घोड्याला पहिला धडा आधीच मिळालेला असतो.

आता थांबण्याचं. पहिले काही आठवडे बंदिस्त रिंगणातच, शिक्षक मधे उभे असताना, बाहेर रपेट नाही. आधी पावलीवर. पाठ सरळ, श्वास सोडायचा, मांड्या किंचित मिटायच्या, मग बोटं क्षणभर मिटून लगेच उघडायची. बोटं उघडणं सर्वांत अवघड, कारण भीती नेमकी तेव्हाच वाटते. पण रेलायला भिंतच नसेल तर घोडा रेलणार कशावर? दुडकीत वीस मीटरचं वर्तुळ. वेग वाढला तर ओढण्याऐवजी वर्तुळ लहान करायचं. हे करूनही घोडा आटोक्यात येत नसेल, तर पेल्हमकडे परत न जाता मुलीला काही महिने दुसरा घोडा द्यावा आणि याला अनुभवी स्वाराच्या हाती सोपवावं. क्लबने नाराजी दाखवली तरी वडिलांनी हे ठामपणे सांगावं.

या रविवारी क्लबात लवकर जा. खोगीर चढण्याआधी सायसाला घोडा धरायला सांगा आणि लेकीला ओठाचा कोपरा हळूच उचलून आत बघू द्या.