अंदाज बरोबर आला, पुढे काय?

हवामानाचा अंदाज चुकला की मीम टाकायला आपण एका पायावर तयार! पण अंदाज बरोबर येऊनही माणसं मेली, तर दोष कुणाला द्यायचा?

नकाशात भूमध्य समुद्र बघा. जवळपास चारी बाजूंनी जमीन. इथे कसलं चक्रीवादळ, असं वाटेल. पण तिथेही अधूनमधून मधोमध डोळा असलेली वादळं तयार होतात. त्यांना 'मेडिकेन' म्हणतात. सप्टेंबर 2005मध्ये तर काळ्या समुद्रावरही असंच एक वादळ घोंगावलं.

आपल्या अरबी समुद्रातल्या वादळाला साधारण 26 अंशांहून गरम पाणी लागतं. मेडिकेनचं त्याहून थंड पाण्यावरही भागतं, कारण वरच्या थरात गारेगार हवा येऊन बसलेली असते. वादळ तसं छोटंच. त्यामुळे कॉम्प्युटर मॉडेलच्या जाळीचे चौकोन मोठे असले की त्याचा गाभा निसटतो. चौकोन काही किलोमीटरचे केले की तो दिसू लागतो. शिवाय मॉडेलमध्ये समुद्र एक-दोन अंश तापवून 'आता काय होईल?' हेही बघता येतं. खऱ्या समुद्रावर हा प्रयोग कसा करणार?

आता 'डॅनियल'कडे या. 10 सप्टेंबर 2023ला हे वादळ लिबियावर धडकलं. तिथल्या हवामान केंद्राने 72 तास आधी इशारा दिला होता, सरकारी खात्यांना ई-मेलही गेले होते. अल-बायदात 24 तासांत 414 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच रात्री डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि वस्त्याच्या वस्त्या समुद्रात गेल्या. हजारो माणसं मेली. त्या धरणांच्या धोक्याबद्दल एका लिबियन अभ्यासकाने 2022मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणजे पावसाचा आकडा होता, धरणाचा धोकाही माहीत होता. या दोन गोष्टी जोडून 'ही वस्ती आज संध्याकाळपर्यंत रिकामी करा' असं ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या मते खरं काम इथेच आहे, आणि ते एकट्या हवामानवाल्यांचं नाही.

तुम्ही फिजिक्स किंवा कॉम्प्युटरला असाल, तर डब्ल्यूआरएफ हे मॉडेल फुकट मिळतं, चालवून बघा. सिव्हिलवाल्यांनो, जवळच्या धरणाखाली कोणकोणत्या वस्त्या आहेत, ते शोधा. पत्रकारिता शिकणाऱ्यांनो, इशारा आजीलाही कळेल असा लिहून दाखवा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणता ना? हा घ्या.