नंबर जुळला, पुढे व्हा!

मंडळी, या विकांताचा विषय जरा स्फोटक आहे. 'जावाच्या मेमरी लीकवर लिही' म्हणणाऱ्यांनी पुढच्या शनिवारी यावं :-)

तर मुद्दा असा, की आपल्याकडे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या माणसाची सात पिढ्यांपर्यंत चौकशी होते आणि खुद्द रिव्हॉल्व्हरची मात्र शून्य. अर्ज करा, पोलिसांची पडताळणी होईल. शेजाऱ्यांना विचारतील, गुन्हे दाखल आहेत का बघतील, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागतील. हे सगळं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या परवान्यावर जे शस्त्र चढतं त्याची नोंद काय? बोअर, बनावट आणि नंबर. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवायचं, नंबर जुळला की झालं. आत काय झिजलंय, काय वाकलंय, काय गंजलंय, हा प्रश्नच कुठल्या रकान्यात नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघरात जा आणि गॅसच्या सिलिंडरची कडी बघा. तिथे इंग्रजी ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ती पुढच्या चाचणीची तिमाही. तुमच्या बाईकला पीयूसी लागतं. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत नेऊन दाखवावी लागते, तेव्हाच नोंदणी पुढे सरकते. आणि पन्नास-साठ वर्षांचं रिव्हॉल्व्हर, ज्याच्यात हाताच्या पंजापासून चार बोटांवर स्फोट होतो, ते आपलं नंबर जुळला, पुढे व्हा!

हे सगळं हवेतलं नाही. आमच्या काकांचंच उदाहरण घ्या. काका म्हसळ्याला असतात, सुपारीचा व्यापार आहे, रोख रक्कम घेऊन घाटरस्त्याने ये-जा असते म्हणून जुना परवाना आहे. २०२२ मध्ये त्यांनी एक वापरलेलं .३२ बोअरचं, मधून मोडून उघडणारं, इंग्लिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर घेतलं. विकणाऱ्या दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण या धंद्यात तो काही एकटा नाही.

'जुनं कशाला घेतलं?' हा तुमच्यातल्या निम्म्यांचा प्रश्न असेल. तर त्याचं असं आहे, की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळजवळ बंदच झालं. मग जी आधीच देशात होती तीच फिरत राहिली, या परवान्यावरून त्या परवान्यावर. माल मर्यादित, हौस अमर्याद, त्यामुळे किमती लाखांत. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हरं नवी मिळतात (२०२३ मध्ये 'प्रबल' आलं, बाजूला सिलिंडर उघडणारं), पण आपल्या लोकांच्या डोक्यात 'इंपोर्टेड' हा शब्द असा बसलाय की त्यापुढे लॉजिक चालत नाही. विंटेज म्हणायचं आणि भंगार विकायचं.

काकांच्या रिव्हॉल्व्हरचे दोन रोग होते. दोन-तीन बार झाले की सिलिंडर अडकायचा, म्हणजे चाप ओढावा तर दगडासारखा घट्ट. आणि दहा मीटरवरचा नेम कधी बरोबर, कधी खाली डावीकडे. दुकानदाराकडे नेलं तर तो म्हणाला, "वय झालं काका, हात हलतो तुमचा." पन्नास वर्षं सुपारी सोलणाऱ्या माणसाला हे सांगायचं! वर 'सेट करून देतो' म्हणून पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, कानशीने घासून दिली. पैसे घेऊन.

आमच्या हापिसात याला 'युजर एरर' म्हणतात. तिकीट क्लोज. माझ्या मशीनवर चालतंय.

मी डिग्रीने मेकॅनिकल आणि पोटासाठी जावावाला, त्यामुळे हे ऐकून हात शिवशिवले. पण परवाना काकांचा, म्हणून हात काकांचे आणि डोळे माझे, असं ठरलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, सहाही घरं रिकामी असल्याची दोनदा खात्री, आणि आत फक्त नकली काडतुसं. (हे वाचून कुणी आजोबांचं रिव्हॉल्व्हर खोलायला बसू नका. परवाना नसेल तर बाळगणं गुन्हा आहे, आणि दुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. आम्ही फक्त बघितलं, मोजलं आणि ब्रशने घाण काढली.)

डीबगिंगचा पहिला नियम तुम्हाला माहीतच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून आधी सिलिंडरच्या बाहेरून मार्करने घरांना १ ते ६ आकडे टाकले. मग हळूहळू फिरवला. अडकला ३ आणि ४ ला. नकली काडतुसांची अदलाबदल केली. अडकणं काडतुसाबरोबर सरकलं असतं तर दोष काडतुसाचा, बुडाची टोपी वर आलेली असेल किंवा कड जाड असेल. सरकलं नाही. परत ३ आणि ४. म्हणजे दोष लोखंडात.

त्यानंतर रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा जो चांदणीसारखा भाग असतो, त्याच्याखाली बघितलं. रिव्हॉल्व्हर अडकण्याचं सगळ्यात साधं कारण इथे सापडतं. न जळलेल्या दारूचा एक कण चांदणीखाली गेला की ती पूर्ण बसत नाही, काडतुसं मागे उचलली जातात आणि पाठीमागच्या पत्र्याला घासतात. काकांच्यात कण नव्हते, थर होता! ब्रशने काढला. फरक पडला पण रोग गेला नाही.

मग फीलर गेज. हो, तेच, जे गॅरेजवाला टॅपेट सेट करायला वापरतो. सिलिंडरचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यात साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट असावी. फार कमी असेल तर काजळी धरून सिलिंडर अडकतो, फार जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूने उडतात. १, २, ५, ६ समोर ०.१५ ची पट्टी आरामात गेली. ३ आणि ४ समोर ०.०५ चीसुद्धा जाईना. चांदणी त्या बाजूला वाकून वर उठली होती आणि सिलिंडरला पुढे रेटत होती. तिच्या दात्यांवर, ज्यांना ढकलून सिलिंडर एकेक घर पुढे जातो, गंजाचे खड्डे. कोकणातल्या पावसात रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवलं की हेच होतं. चामडं ओल धरतं, लोखंड खातं. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे रिव्हॉल्व्हरचं काय!

आता नेमाचं. मुंबईच्या एका रेंजवर, तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली, काकांनी प्रत्येक घरातून पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर झाडल्या. हात टेकवून. ही चाचणी इतकी सोपी आहे की ती कोणीच करत नाही याचा मला राग येतो. सगळी घरं एका जागी मारत असतील पण ती जागा चुकीची असेल, तर माशी किंवा पकड बघा. सगळीच विस्कटलेली असतील तर नळीत शिसं साचलंय का, मधला सांधा ढिला आहे का ते बघा. आणि काही घरं नीट, काही वाईट असतील, तर त्या घरांचं तोंड नळीच्या रेषेत येत नाहीये. गोळी नळीत शिरताना कडेला सोलली जाते आणि वाकडी जाते.

निकाल? ३ आणि ४ खाली डावीकडे, विस्कटलेली. १, २, ५, ६ मात्र तळहाताएवढ्या जागेत, सुंदर... पण सगळी वर! का वर? कारण त्या महाशयांनी माशी घासली होती. माशी बुटकी झाली की नळी उचलून धरली जाते आणि गोळी वर लागते. म्हणजे दोन बिघडलेल्या घरांचा सरासरीत दिसणारा दोष काढायला त्यांनी चार चांगली घरं बिघडवली. सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून सर्व्हर ट्यून करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कानशीला अनडू नसतो.

आणि काकांचा हात? सत्तरीतल्या माणसाने चार घरांतून वीस गोळ्या तळहाताएवढ्या जागेत मारल्या. अजून काय पुरावा हवा!

कोणी म्हणेल, एका काकांची रड आहे, सोडून द्या. बरं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि बार झाला असं सांगितलं गेलं. ते जुनं होतं असंही बातम्यांत आलं. त्या दिवशी व्हॉट्सॅपवर विनोदांचा पाऊस पडला. कोणी हे विचारलं नाही, की पडलेलं रिव्हॉल्व्हर सुटतंच कसं? घोडा काडतुसापासून अडवून धरायची सोय चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये असते. ती शाबूत आहे का हे दर नूतनीकरणाला पाच मिनिटांत बघता येतं. माणूस निष्काळजी होता की नाही यावर चर्चा झाली, यंत्रावर नाही. परत तेच, युजर एरर.

कायदा बदलत नाही असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, लग्नात आनंदाच्या भरात गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे संख्या मोजली, मुदत मोजली, माणसाचं वागणं मोजलं. आणि मुदत वाढवल्यामुळे ते रिव्हॉल्व्हर सरकारी नजरेखाली यायचं तेही आता पाच वर्षांनी! खासगी विक्रीतही तसंच. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर कायद्याने आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. या पंचेचाळीस दिवसांत शस्त्राकडे बघायचं बंधन कोणावरच नाही. विकत घेणाऱ्याला एक साधा तपासणीचा कागदही मिळत नाही. जुन्या ॲक्टिव्हाला सर्व्हिस बुक मागतो आपण!

'एवढी शस्त्रं तपासणार कोण?' हा प्रश्न तयारच असतो. अहो, प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रांची देखभाल करणारे आर्मरर असतात. रायगडचे परवाने अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून निघतात, मुख्यालयही अलिबागलाच. दुरुस्तीचा परवाना असलेले गनस्मिथ आहेत, त्यांना एक छापील फॉर्म द्या: फट किती, सिलिंडर मागेपुढे किती हलतो, सहाही घरं रेषेत येतात का, घोडा अडतो का. सही, शिक्का, तारीख. खोटी सही केली तर त्याचा परवाना जाईल. आणि निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. त्या काळात ही शस्त्रं कपाटात नुसती पडून असतात, पावती बांधून. तेवढ्या दिवसांत एक फीलर गेज फिरवायला काय हरकत आहे? बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळतो.