मध्यरात्रीचे धैर्य

धैर्यवान पुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भीती कशाशी खातात हेही ठाऊक नसलेला एखादा वीर उभा राहतो. हे चित्र मोहक आहे, पण खोटे आहे असे मला वाटते. ज्याला भीती शिवतच नाही, त्याच्या शांतपणाचे कौतुक ते काय?

अमेरिकेतील माँटगोमेरी शहराचे उदाहरण पाहा. बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूला देण्याचे नाकारले म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णी स्त्रीला १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली. ५ डिसेंबरपासून तेथील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला. चळवळीचे नेतृत्व मार्टिन ल्यूथर किंग या धर्मोपदेशकाकडे आले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे २६.

लवकरच घरी धमक्यांचे फोन येऊ लागले. जानेवारी १९५६ च्या अखेरीस एका रात्री असाच फोन आला आणि किंग यांची झोप उडाली. पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरातच होत्या. ते स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसले आणि भित्रे न ठरता या जबाबदारीतून अंग कसे काढून घेता येईल, याचा विचार करू लागले! हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. अखेर त्यांनी आपला दुबळेपणा देवापुढे मोठ्याने कबूल केला. त्या कबुलीतूनच आपल्याला बळ लाभले, असे ते सांगत.

ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म मला येथे दिसते. गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता. दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली होती. भीती वाटणे हे पाप नव्हे. भीतीच्या हाती लगाम देणे, हा खरा पराभव होय.

काही दिवसांतच, ३० जानेवारीच्या रात्री, किंग सभेला गेले असताना त्यांच्या घराच्या पडवीत बॉम्ब फुटला. सुदैवाने पत्नी व मुलगी बचावल्या. दारात संतप्त जमाव गोळा झाला. अनेकांच्या हाती शस्त्रे होती. किंग यांचा एक शब्द पुरला असता, त्या रात्री शहरात रक्त वाहिले असते. पण त्यांनी लोकांना शस्त्रे घेऊन घरी जाण्यास आणि शत्रूवरही प्रेम करण्यास सांगितले. पेत्राला तलवार म्यान करायला लावणाऱ्या गुरूचाच हा शिष्य!

तरी ते जन्मजात संत नव्हते. बॉम्बनंतर त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्जही केला होता. तो नाकारला गेला. पुढे विचारांती त्यांनी शस्त्र बाळगणेच सोडून दिले. म्हणजे शांती त्यांनाही पायरीपायरीने शिकावी लागली.

कोणी म्हणेल, ही तर दुर्बलांची पळवाट. पण पळणारा माणूस ३८१ दिवस पायी चालत नाही! बहिष्कार तेवढे दिवस टिकला आणि न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील वर्णभेद संपला. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे किंग यांची हत्या झालीच ना? मग श्रद्धेने काय राखले? याचे माझे उत्तर एवढेच, की श्रद्धा म्हणजे चिलखत नव्हे. गेथशेमानेतला प्यालाही टळला नव्हता. श्रद्धा प्राणाची हमी देत नाही. ती संकटात सोबत देते आणि माणसाला सूडापासून वाचवते.

मित्रहो, आपल्या दारात कदाचित कधीच बॉम्ब पडणार नाही. पण ‘खरे बोललास तर बघ!’ अशी दटावणी गावात, वसतिगृहात, नोकरीत केव्हा तरी कानी पडेलच. त्या वेळी शूर दिसण्याची धडपड करू नये. आधी आपली भीती प्रामाणिकपणे कबूल करावी, मग शांतपणे आपल्या जागी उभे राहावे. धैर्याचा पहिला पाठ चव्हाट्यावर नव्हे, अशा एकांतातच गिरवावा लागतो.