धोका पत्करा, पण हिशोब मांडून!



आपल्या कॉलेजात वर्षातून एकदा तरी उद्योजकतेवर व्याख्यान होतेच. सेमिनार हॉल खच्चून भरलेला असतो, पंखे नुसते आवाज करत असतात आणि पाहुणे तळमळून सांगत असतात, "तरुणांनो, रिस्क घ्या! मराठी माणूस रिस्क घेत नाही म्हणून मागे पडतो!" टाळ्यांचा कडकडाट होतो. त्याच आठवड्यात घरून फोन येतो, "हे बघ, आधी कॅम्पसमधून नोकरी पदरात पाडून घे, मग काय ते धंद्याचं बघू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर!

दोन्हीकडची मंडळी कळकळीनेच बोलतात, यात शंका नाही. पण गंमत अशी की दोघेही अर्धेच सांगतात. 'घे' म्हणणारा किती घ्यायची ते सांगत नाही आणि 'नको' म्हणणारा न घेतल्याने काय गमवावे लागते ते सांगत नाही. मला वाटते, आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी या भांडणात पडू नये. कारण याचे उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. आपण ते मार्कांपुरते पाठ करतो आणि पेपर संपला की विसरतो. ते उत्तर म्हणजे 'फॅक्टर ऑफ सेफ्टी'.

शंभर टक्के सुरक्षित पूल जगात कुणीच बांधू शकत नाही. म्हणून काय पूल बांधायचेच नाहीत? तसे नाही. आपण धोका मान्य करतो, तो मोजतो आणि त्यावर राखीव ताकद ठेवतो. सिव्हिलच्या मित्राला विचारा. आयएस ४५६ मध्ये काँक्रीटची ताकद धरताना ती १.५ ने भागतात आणि सळईची फक्त १.१५ ने. हा फरक का? सळई कारखान्यात तपासून येते. काँक्रीट मात्र साइटवर तयार होते. पाणी किती ओतले, व्हायब्रेटर नीट फिरवला की नाही, क्युअरिंग झाले का, कशाचीच पूर्ण खात्री नाही. म्हणजे खात्री जितकी कमी, तितकी राखीव जास्त. आता विमान बघा. विमानाच्या सांगाड्याला हा फॅक्टर साधारण दीडच असतो. जास्त ठेवावा तर विमान इतके जड होईल की उडणारच नाही! मग तिथे कडक चाचण्या आणि वारंवार तपासणी करून ती कसर भरून काढतात.

एवढ्या दोन उदाहरणांत धोक्याचे सगळे शास्त्र आले. धोका शून्य कधीच होत नाही. जिथे आपल्याला कमी कळते तिथे हात राखून चालावे. आणि राखीव कमीच ठेवायची असेल, तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे. हे जसे तुळईला लागू, तसेच धंद्याला आणि आयुष्यालाही लागू.

'मराठी माणूस रिस्क घेत नाही' म्हणणाऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सांगावेसे वाटते. लक्ष्मणराव मुंबईला व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, शिकवायला होते. आपण गोष्ट ऐकतो ती अशी की, नोकरीवर लाथ मारली आणि कारखाना काढला. पण जरा बारकाईने बघा. १८८८ च्या सुमारास त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावला सायकलींचे छोटे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे, वर लोकांना चालवायलाही शिकवायचे. म्हणजे पगार चालू असतानाच धंदा चाचपून पाहिला! नोकरी सुटली ती नंतर. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. मग बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज देऊ केले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यात धाडस नाही का? भरपूर आहे. पण ते पायरी-पायरीने केलेले धाडस आहे. पहिली पायरी अशी होती की ती मोडली असती तरी माणूस उभा राहिला असता. मोठी उडी आली ती यंत्र, बाजार आणि गिऱ्हाईक ओळखीचे झाल्यावर.

आता आपल्या होस्टेलकडे वळू. रात्रीच्या मेसनंतर कॉरिडॉरमध्ये कान दिला तर 'कॉल', 'पुट' आणि 'एक्स्पायरी' हे शब्द ऐकू येतात. हातातल्या मोबाइलवर अकाउंट उघडायला फार वेळ लागत नाही आणि घरून मेससाठी आलेल्या पैशांत एखादा ऑप्शन सहज येतो. एकाला एका दिवसात पाच हजार मिळाले की पूर्ण विंगला कळते. गेलेले पाच हजार मात्र कुणालाच कळत नाहीत!

याबाबत सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेले आकडे प्रत्येक नोटीस बोर्डावर लावण्यासारखे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, म्हणजे खर्च धरून माणशी साधारण दोन लाख. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही, ९१ टक्के तोट्यातच राहिले. शंभरातले नव्वदहून अधिक नापास होणारा पेपर असेल, तर आपण त्याला 'इलेक्टिव्ह' म्हणून निवडू का हो? पण इथे प्रत्येकाला वाटते, मी त्या सातांमधला!

कुणी म्हणेल, "अरे, पण सरासरी फायदा होत असेल तर खेळायला काय हरकत?" इथे थोडे गणित करू. समजा एक खेळ आहे. नाणे उडवायचे. छापा पडला तर तुमची रक्कम ६० टक्क्यांनी वाढणार, काटा पडला तर ५० टक्क्यांनी घटणार. कागदावर फायद्याचा सौदा आहे, सरासरी ५ टक्के नफा! आता १०० रुपये घेऊन खेळा आणि प्रत्येक वेळी सगळीच रक्कम लावा. एकदा छापा, १६० झाले. एकदा काटा, ८० उरले. एकदा जिंकून आणि एकदा हरून तुम्ही २० रुपयांनी खाली! खेळत राहा, बहुतेकांचा खिसा रिकामाच होईल. याच खेळात दर वेळी जवळच्या रकमेचा थोडासा भागच लावला, तर चित्र पालटते. सौदा चांगला आहे की वाईट एवढेच पाहून भागत नाही. त्यात आपले किती लावले, यावर सगळे ठरते. शंभराचे पन्नास झाले की परत शंभर व्हायला पैसे दुप्पट करावे लागतात, हे ज्याला कळले त्याला 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हणही कळली.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धोका आपण घेतो, पण तो कुणाच्या डोक्यावर असतो?

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड केली की मालकाची जबाबदारी भांडवलापुरती मर्यादित, हे आपण मॅनेजमेंटच्या पेपरात लिहितो. प्रत्यक्षात नव्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते आणि अनेकदा वडिलांना जामीन राहायला सांगते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे तुमचा धंदा बुडाला तर बँक तुमच्याकडे जशी येईल तशीच थेट वडिलांकडेही जाऊ शकते. सही करताना त्यांना हे कुणी समजावून सांगितलेले असते का? बहुतेक वेळा "पोरगा म्हणतोय ना, मग करतो सही" एवढ्यावरच काम होते. आपल्या हिमतीची किंमत दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढणार असेल, तर निदान तो कागद त्यांना मराठीतून वाचून दाखवणे हे आपले कर्तव्य आहे. तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून २००० सालापासून लघुउद्योगांसाठी सरकारी पत हमी योजना आहे. तिची चौकशी आधी करावी, शेताचा विचार मागाहून.

म्हणूनच, धोका न घेणाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या घरात डोकवावे असे मला वाटते. ज्याच्या वडिलांचा चालता कारखाना आहे, त्याने वर्षभर स्टार्टअप करून बघितले आणि ते फसले, तर त्याचे एक वर्ष गेले. ज्याच्या घरात तो पहिलाच पदवीधर आहे, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि मागे बहिणीचे शिक्षण आहे, त्याचे तेच एक वर्ष पूर्ण घराला हादरवू शकते. कल्पना एकच, मेहनत एकच, पण दोघांचा फॅक्टर ऑफ सेफ्टी वेगळा. दुसऱ्याने दोन वर्षे नोकरी करून कर्ज फेडले, गाठीला सहा महिन्यांचा खर्च बांधला आणि मग उडी मारली, तर तो मागे पडला असे म्हणू नका. त्याने पाया भरला म्हणा.

पण याचा अर्थ घट्ट धरून बसणे म्हणजे सुरक्षितता, असाही नाही. २००८-०९ च्या मंदीत कॅम्पसमध्ये निवड झालेल्या अनेकांना जॉइनिंग लेटरची महिनोन्महिने वाट बघावी लागली. 'पक्की' नोकरी हातात होती, पण नुसत्या कागदावर! दर वर्षी महागाई ६ टक्क्यांनी वाढली तर साधारण बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे कपाटात जपून ठेवलेल्या शंभराचे पन्नास झाले. एकच सॉफ्टवेअर शिकून त्यावर आयुष्य काढू म्हणणारा तर सगळ्यात मोठा जुगार खेळतो. धोका न घेणे हाही एक धोकाच आहे. तो आवाज न करता येतो, इतकेच.

धोका हाताळण्यात आणखी एक सवय घातक ठरते. ती म्हणजे 'आजवर काही झालं नाही ना, मग पुढंही होणार नाही!' २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. दोष बूस्टरच्या जोडातल्या रबरी ओ-रिंगचा होता. आधीच्या काही उड्डाणांतही या रिंगा झिजलेल्या सापडल्या होत्या, पण यान सुखरूप परतले म्हणून ते चालवून घेतले गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीमुळे उड्डाण पुढे ढकला म्हणून सांगितले, तेही डावलले गेले. चौकशी समितीतले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नंतर दाखवून दिले की अपघाताची शक्यता इंजिनिअर शंभरात एक धरत होते, तर व्यवस्थापनातली मंडळी लाखात एक!

आपण हसू नये. हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकवून ट्रिपल सीट जाणारे आपण याच जातीचे! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. नाक्यावरच्या टपरीपर्यंत जाताना आजवर काही झाले नाही, हा पुरावा नव्हे, ते नशीब आहे.

आणि शेवटी, माघार कुठे घ्यायची ते आधी ठरवावे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. सगळेच पणाला लावून संपून जाण्यापेक्षा पुन्हा उभे राहता येईल एवढे हाती ठेवले. १६७० पासून तेच किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. बुडत्या धंद्यात 'आता एवढे घातलेच आहेत, तर आणखी थोडे' म्हणत कर्जावर कर्ज काढणाऱ्याने हा तह रोज आठवावा.

तेव्हा मित्रांनो, कोणतीही उडी मारण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर चार प्रश्न लिहा. वाईटात वाईट काय होईल? ते कुणाला भोगावे लागेल, आणि त्याला ते माहीत आहे का? छोट्या प्रमाणात आधी करून बघता येईल का? किती गेले की थांबायचे? चारही उत्तरे प्रामाणिकपणे लिहिता आली, तर खुशाल उडी मारा. एकाचेही उत्तर 'बघू पुढचं पुढं' असे असेल, तर थोडे थांबा.

आणि आपल्या उद्योजकता कक्षाला एक सूचना. पुढच्या वर्षी यशस्वी पाहुण्यांच्या शेजारी ज्याचा धंदा बुडाला आणि तरीही जो सावरला, अशा एका माणसालाही बोलवा. टाळ्या कदाचित कमी पडतील, पण वहीत चार ओळी जास्त उतरतील!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी